मालनबाईंचं तुर्की-मिक्सिकन

मालन गेली त्या दिवशी भिकनराव आहेर हातात राजम्याची पिशवी घेऊन घरी आले.

यात त्यांची काही चूक नव्हती. अंबडच्या एका कारखान्यात ते स्टोअरला होते. दुपारी गेटवरच्या वॉचमनने येऊन सांगितलं, घरून फोन होता, लवकर बोलावलंय. कशासाठी, ते वॉचमनने विचारलं नव्हतं, आणि भिकनरावांनीही त्याला विचारलं नाही. ते धरून चालले की गॅसची टाकी आली असणार. त्या काळात टाकीसाठी नंबर लावला की माणूस तो लावल्याचं विसरून जाई, मग ती येई. टाकी आणणारा बायकांचं ऐकत नाही, गळती तपासत नाही, म्हणून घरात बाप्या माणूस पाहिजे, असं मालनचं म्हणणं असे. ते सायकलीवर निघाले. वाटेत किराणा दुकान लागलं आणि आठवलं की सकाळी डबा हातात देताना तिने राजमा सांगितला होता. राजमा आणि घेवडा एकच की वेगवेगळे, यावर दुकानदार बराच वेळ बोलला. भिकनरावही बोलले. सिडकोतल्या आपल्या गल्लीत ते वळले तेव्हा दारापुढे चपलाच चपला होत्या, आणि तरीसुद्धा त्यांच्या मनात आधी हेच आलं की एका टाकीसाठी इतकी माणसं कशाला जमलीत.

मालन पाणी भरता भरता खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिच्या हृदयाबद्दल त्या घरात त्यापूर्वी कधी चर्चा झाली नव्हती.

थोरली बहीण अक्काबाई पुढे आली. तिने भावाच्या हातातली पिशवी घेतली, उघडून पाहिली आणि विचारलं, "हे काय आणलंस?"

"राजमा."

"आत्ता?"

ती गोष्ट सबंध गल्लीत पसरली. पुढे भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी डोळे पुसायचा आणि मग फळीवरच्या त्या पिशवीकडे बघायचा. माणूस दुःखात असला तरी आपल्याकडे कोण कसं बघतंय हे त्याला कळतं. बायको गेली आणि हा बाजार करून आला, ही नजर भिकनरावांना मालनच्या जाण्याबरोबरच सोसावी लागली. यातलं कोणतं जास्त जड होतं हे ते सांगणार नाहीत, पण नजर रोज नवी यायची.

दहाव्याला सगळे पंचवटीला नदीवर गेले. मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळं भिकनरावांनाच करायचं होतं. भटजींनी सांगितलं तसं केलं. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. पंचवटीतल्या कावळ्यांना रोज इतकी घरं जेवू घालतात की त्यांची स्थिती एखाद्या खात्याच्या मोठ्या साहेबासारखी झाली आहे. समोरचा कागद त्यांना दिसतो, पण हात लावायची घाई नसते. एक कावळा तारेवर बसून चोच घासत होता. मालनचा भाऊ धोंडीराम पुढे झाला, हात जोडून म्हणाला, ताई, दाजींना मी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. अक्काबाई म्हणाली, घराकडे मी बघीन. कावळ्याने पंख झटकले आणि परत मिटले. मागून कुणीतरी म्हणालं, भिकन दुसरं लग्न करणार नाही म्हणावं. ते करून पाहिलं. मग दुसऱ्या कुणीतरी सुचवलं की करील म्हणून सांगा, कदाचित तीच काळजी असेल. तेही सांगून झालं. भिकनरावांना कुणी विचारलं नाही. ऊन तापलं. पलीकडे दुसऱ्या घरची मंडळी खोळंबली होती. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा शेजारच्या सुलाबाई पदराआडून म्हणाल्या, "भाऊ, ते तुर्की-मिक्सिकन."

भिकनरावांना लाज वाटली. चारचौघांत, नदीकाठी, ओल्या धोतराने उभं राहून म्हणायचं वाक्य नव्हतं ते. पण दर्भाच्या कावळ्याला दोन पायही फुटले होते. ते मोठ्याने म्हणाले, "मालन, तुझं ते तुर्की-मिक्सिकन मी करीन. माझ्या हाताने करीन."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

एक म्हातारे चुलते शेजारच्याला विचारत होते, हे मिक्सिकन कोण, तिच्या माहेरचे का. भटजींनी धोंडीरामला बाजूला घेऊन तो शब्द पुन्हा म्हणून घेतला. इतक्या वर्षांत असा शब्द ऐकला नाही म्हणाले.

आता हे तुर्की-मिक्सिकन म्हणजे काय ते सांगायला हवं. मालन गेली त्याच आठवड्यात त्यांच्या कॉलनीच्या समाजमंदिरात महिला मंडळाने मुंबईची एक बाई बोलावली होती. ती काचेच्या झाकणाचे गोल ओव्हन विकायची आणि ते विकले जावेत म्हणून पदार्थ करून दाखवायची. आधी तिने केक केला. मग एक पदार्थ केला जो अर्धा मेक्सिकोचा आणि अर्धा तुर्कस्तानचा होता, दोन देश एका ताटात. मालन घरी आली ती वेगळीच होऊन. पदार्थाबद्दल ती फार बोलली नाही. म्हणाली, मला खुर्चीवर बसवलं आणि त्या बाईने हातात ताटली दिली, आयती. मी उठले तर म्हणाली, बसा. मग दोनतीनदा म्हणाली, बसा म्हणाली मला. मेक्सिकन हा शब्द तिच्या तोंडी मिक्सिकन असा बसला आणि भिकनरावांनी तो दुरुस्त केला नाही, कारण बरोबर कोणता ते त्यांनाही माहीत नव्हतं. येत्या रविवारी करते, राजमा लागेल, असं ठरलं होतं. तो रविवार आला तेव्हा ती नव्हती.

अक्काबाईने निकाल दिला. वचन दिलंय, कावळ्याने ऐकलंय, पहिल्या मासिक श्राद्धाच्या आत झालं पाहिजे, नाही तर तिचा जीव घुटमळेल. सुलाबाई म्हणाल्या, माझ्याकडे गॅस आहे, मी करून देते. अक्काबाई म्हणाली, तो 'माझ्या हाताने' म्हणालाय. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या हातचं चालायचं नाही. भिकनरावांचा कावळ्यावर फारसा विश्वास नव्हता. पण मालनने त्यांच्याकडे आयुष्यात मागितलेल्या गोष्टी थोड्या होत्या, आणि ही शेवटची निघाली. ती तरी झाली पाहिजे, एवढंच त्यांनी धरलं.

स्वयंपाकातलं त्यांना पाणी उकळता येत होतं.

तो पदार्थ दोघींनाच चाखायला मिळाला होता; दुसरं माणूस म्हणजे सुलाबाई. त्यांना विचारलं तर त्यांनी डोळे मिटून ताट वाचून दाखवलं. तळाशी मक्याची पातळ भाकरी. त्यावर ठेचलेला राजमा. इथपर्यंत मेक्सिको. त्यावर तेल लावून भाजलेलं वांगं, त्यावर लसूण घातलेलं घट्ट दही, त्यावर लोण्यात परतलेलं लाल तिखट. हा तुर्कस्तान. सगळ्यावर किसलेलं चीज, ते बहुतेक ओव्हनवाल्यांचं. भिकनरावांनी शाळेतला नकाशा आठवून पाहिला. या दोन देशांच्या मध्ये इतकं पाणी होतं की एकमेकांच्या जेवणात लक्ष घालायचं त्यांना काही कारण नव्हतं.

"आणि काहीतरी आंबट होतं," सुलाबाई म्हणाल्या.

"काय आंबट?"

"चिंच नव्हे. लिंबू नव्हे. सांगते तुम्हाला, आमसूल पण नव्हे. भुरभुरलेलं होतं, लालसर. माझं लक्ष त्या बाईच्या साडीकडे होतं हो भाऊ."

तर एवढ्या माहितीवर काम सुरू झालं.

पहिली अडचण गॅसची. टाकी तेराव्याच्या जेवणातच संपली होती, बुंदी तळता तळता. भिकनराव एजन्सीत गेले. तिथल्या कारकुनाने कार्ड बघितलं आणि सांगितलं, कनेक्शन बाईंच्या नावावर आहे, बाईंना पाठवा. हे खरं होतं. धोंडीरामने खटपट करून कनेक्शन मिळवलं ते बहिणीच्या नावाने. भिकनराव म्हणाले, त्या वारल्या. कारकुनाने मान खाली घातली, थोडा वेळ घातलेली ठेवली आणि मग विचारलं, मग नंबर कुणी लावला? त्यांनीच, आधी. मयताच्या नावे टाकी देता येत नाही, कारकून म्हणाला, कनेक्शन तुमच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला आणा, आणि रेशनकार्डावरचं नाव कमी करून आणा.

नाव कमी करणे, असा त्या खात्यांचा शब्द आहे. भाजीत मीठ कमी करावं तसा.

मृत्यूचा दाखला नगरपालिकेत मिळाला, आणि लवकर मिळाला. एवढं एकच काम लवकर झालं. मग ते रेशनच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूने दाखला उजव्या हाताला ठेवला, कार्ड डाव्या हाताला ठेवलं आणि दोन्हींकडे आलटून पालटून बघत राहिला. दाखल्यावर होतं, मालन भिकन आहेर. कार्डावर होतं, मालनबाई भिकन आहेर.

"ही नावं वेगळी आहेत," बाबू म्हणाला.

"बाई एकच आहे."

"दाखल्याप्रमाणे मालन वारली. मालनबाई वारल्याचं यात कुठे दिसत नाही."

भिकनराव दाखल्याकडे बघत राहिले. बाबूला वाटलं यांना समजलं नाही, म्हणून त्याने शांतपणे पुन्हा सांगितलं. वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, आमच्या दृष्टीने मालनबाई हयात आहेत. एक तर त्यांना घेऊन या, नाही तर मालन आणि मालनबाई एकच, असं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा.

हे 'बाई' कुठून आलं ते भिकनरावांना चांगलं ठाऊक होतं. कार्ड काढताना ते सांगत होते, बायकोचं नाव मालन. मालनने मागून कोपर मारलं आणि हळू आवाजात म्हणाली, मालनबाई लिहा म्हणावं त्यांना. घरी तिला सगळे नुसतं मालन म्हणत. भिकनराव तर पुष्कळदा तेवढंही म्हणत नसत, 'अगं' म्हणत. जगात एका जागी तरी तिला बाई म्हटलेलं होतं, आणि आता सरकारला नेमकं तेवढंच मान्य होतं.

ते घरी आले आणि वातीचा स्टोव्ह माळ्यावरून काढला.

मक्याचं पीठ कुठे मिळेना. कारखान्यातला सोबती झुंबर घोटी गावचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "आमच्याकडं तांदूळ. मक्याला तुम्ही हरसूलला जा. बाजाराच्या दिवशी लय मका येतो तिकडं. पण मला एक सांगा आहेरनाना, मिक्सर घेतला का? मिक्सिकन हाय ना? मंग मिक्सरबिगर कसं व्हईल?"

स्टोअरमधले बाकीचेही याच मताचे होते. नावातच मिक्सी आहे म्हटल्यावर वाद कसला. भिकनरावांनी दोन दिवस मिक्सर उसना मागत हिंडण्यात घालवले. शेवटी एका घरी मिळाला, पण त्या घरचा माणूस मिक्सर एकटा सोडायला तयार नव्हता, स्वतःही बरोबर येतो म्हणाला, आणि तो बोलायला फार होता. तो नाद सोडला.

रजा टाकून ते हरसूलला गेले. एस.टी.त उभं राहून गेले, मका घेऊन उभं राहून आले. बरोबर एका म्हातारीने आंबाडीची जुडी गळ्यात मारली. आंबट असते म्हणाली. आंबट या शब्दावर भिकनराव हल्ली थांबायचे. इकडे गिरणीवाल्याने मका बघून हात वर केले. मका दळला की पुढच्याचं पीठ पिवळं येतं, गिऱ्हाईक भांडतं. खूप विनवल्यावर त्याने सगळ्यात शेवटी दळून दिला. दुसऱ्या सकाळी गिरणीत पहिला डबा सुलाबाईंच्या गव्हाचा होता. तीन दिवस त्या बोलल्या नाहीत. आंबटाची एकुलती एक साक्षीदार गप्प बसली, याची भिकनरावांना जास्त काळजी.

वांग्याला लावायचं तेल ऑलिव्हचं होतं, असं सुलाबाईंनी रुसण्याआधी सांगितलं होतं. किराण्याच्या दुकानात हसले. औषधाच्या दुकानात मात्र ते होतं, लहान बाटलीत. दुकानदाराने बाटली पुसून समोर ठेवली आणि प्रेमाने विचारलं, बाळ किती दिवसांचं?

बाळ नाही, भिकनराव म्हणाले.

मग बाळंतिणीला पाहिजे का?

स्वयंपाकाला पाहिजे.

दुकानदाराने बाटली परत आपल्याकडे ओढून घेतली आणि तिच्यावरचं वाचून दाखवलं, वरून लावण्यासाठी. पोटात घ्यायचं नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कसली तरी शंका आली. म्हणाला, घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना पाठवा. भिकनरावांचं वय तेव्हा एकावन्न होतं. ते बाहेर आले. तेल घरचं, शेंगदाण्याचं लावायचं ठरवलं.

चीज डब्यात मिळालं. डबा उघडायचं हत्यार घरात नव्हतं, म्हणून त्यांनी कारखान्याच्या सवयीने स्क्रूड्रायव्हर लावला. डबा उघडला आणि मनगटही उघडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर गेले तर स्टोअरमध्ये कुणी मोठ्याने बोलेना. दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बसा म्हटलं होतं, आणि भिकनरावांना मालनची ती खुर्ची आठवली. साहेबांनी जीवन किती मोलाचं असतं ते समजावलं. माणसाने धीर सोडू नये, काळ हेच औषध आहे, वगैरे. भिकनराव म्हणाले, साहेब, चीज. साहेबांना वाटलं, यांचा तोल गेलाय. त्यांनी पाणी मागवलं. नंतर झुंबरने सगळ्यांना सांगून प्रकरण मिटवलं, पण त्याच्या सांगण्याची पद्धत अशी की त्यापेक्षा पहिला समज बरा होता.

मासिकाच्या आदल्या दिवशी अक्काबाई आली आणि खरं भांडण तेव्हा झालं. तिने फळीवरची राजम्याची पिशवी उचलली आणि दाराकडे निघाली.

"हा टाकून दे. मयताच्या दिवशी घरात आलेला जिन्नस. दुसरा आण."

"हाच लागेल," भिकनराव म्हणाले.

"राजम्यासारखा राजमा, भिकन. दुकानात पोत्याने पडलाय."

"दुकानातला तिने नाही सांगितला. हा सांगितलाय."

अक्काबाईने भावाला लहानपणी अंघोळ घातली होती. त्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. ती म्हणाली, लोक नावं ठेवतील. भिकनराव म्हणाले, ठेवून झालीत. तिने पिशवी परत फळीवर ठेवली. पण राजमा रात्रभर भिजत घालायचा असतो हे मात्र तिने सांगितलं नाही. रागाने नाही सांगितलं, की त्यालाही माहीत असेल असं वाटलं, देव जाणे.

त्यामुळे मासिकाच्या दिवशी पहाटेपासून कोरडा राजमा वातीच्या स्टोव्हवर शिजत होता आणि पाहुणे आले तरी शिजत होता. वाती काजळत होत्या. भाकरी थापायची कशी ते अक्काबाई दारातून तोंडाने सांगत होती, हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून. मक्याचं पीठ धरेना. पहिल्या भाकरीचे तुकडे झाले, दुसरीचे झाले, तिसरी तव्याला चिकटली ती तव्याचीच झाली. चौथी निघाली, मेक्सिकोच्या नव्हे पण कुठल्या तरी देशाच्या आकाराची. वांगं भाजलं. दह्यात लसूण ठेचून घातला. दही गरम वांग्यावर ओतलं तेव्हा ते फाटलं. लोण्यातलं तिखट करपून सगळे शिंकायला लागले. धोंडीराम डोळे पुसत होता. बाहेर बसलेल्यांनी त्याला धीर दिला, रडून घ्या म्हणाले. त्याला तिखट झोंबलं होतं.

आंबटाचं काय करायचं ते भिकनरावांनी स्वतःच्या बुद्धीने ठरवलं. आंबाडी वाळवून, चुरून ठेवली होती, ती भुरभुरली.

ताट तयार झालं. झुंबर वाकून बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "नाना, रागावू नका. ही भाकर हाय. हे भरीत. हा घेवडा, हे दही. वर तिखट. वैनी डब्यात रोज हेच देत व्हत्या तुम्हाला."

खरं तर झुंबर बरोबर होता. स्टोअरमध्ये दुपारी तोच त्यांच्या डब्यात हात घालायचा.

भिकनरावांनी ताट मागच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि हात जोडले. तोंडाने काय म्हणायचं ते ठरवलं होतं, पण म्हणायला वेळच मिळाला नाही. सिडकोतले कावळे पंचवटीतल्यांसारखे नाहीत, त्यांना कुणी रोज जेवायला घालत नाही. एक कावळा आला, वरचा चीजचा गोळा उचलला आणि गेला. बाकी कशाला त्याने चोच लावली नाही.

"सुटली," अक्काबाई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. धोंडीरामने दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना मोकळं वाटलं. मग मंडळी जेवायला बसली. अक्काबाईने शेजारच्या चुलीवर कढी-भात आणि वडे आधीच करून ठेवले होते. तुर्की-मिक्सिकन खाऊन दिवस काढायला कुणी आलं नव्हतं.

पण सुलाबाईंनी एक घास मागून घेतला. पिठाचा राग त्यांचा आता गेला होता. त्यांनी घास तोंडात ठेवला, डोळे मिटले. भिकनराव समोर उभे. शाळेच्या निकालाच्या दिवशीही ते असे उभे राहिले नसतील.

"सगळं आहे," सुलाबाई म्हणाल्या. "पण ते आंबट नाही हे."

"मग कसलं होतं ते, आठवा की."

"मला नाही ओळखू आलं, भाऊ. मालनबाईंना आलं होतं."

"तिला?"

"हो. समाजमंदिरात एक घास खाल्ला नि मला म्हणाल्या, सुलाबाई, मला कळलं हे काय आहे. मी म्हटलं, सांगा. तर हसल्या. म्हणाल्या, आधी घरी करीन, यांना खायला घालीन, यांना ओळखता येतं का बघीन, मग तुम्हाला सांगीन."

सुलाबाई जेवायला गेल्या. भिकनराव ओट्यावर आले. ताट तसंच होतं, वरचा गोळा तेवढा गेलेला. त्यांनी ते उचललं आणि उभ्यानेच खायला लागले. राजमा कच्चा होता. दाताखाली कचकच वाजत होता. त्यांनी सगळा खाल्ला.

त्यानंतर दर रविवारी ते आंबटाची पुडी घेऊन सुलाबाईंच्या दारात जात. कैरीची पूड झाली. सुकी बोरं कुटून झाली. चुका झाला, चिंचेचा कोवळा पाला झाला. डाळिंबाचे दाणे वाळवून झाले, तेव्हा सुलाबाई थोडा वेळ थांबल्या आणि मग नाही म्हणून मान हलवली. त्यांनाही आता ती चव आठवत असेल का, याची भिकनरावांना शंका येऊ लागली, पण विचारायचं धैर्य झालं नाही. ओव्हनवालीचा पत्ता महिला मंडळाकडे नव्हता. मेनरोडवर ओव्हनच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले, अशा पुष्कळ बाया येतात. ओव्हन घेणार असाल तर बसा.

भिकनराव बसले नाहीत.

गॅसची रिकामी टाकी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. तिच्यावर मक्याचा डबा ठेवलेला आहे. स्वयंपाक वातीच्या स्टोव्हवर चालतो. रॉकेल पुरतं, कारण कार्डावर अजून दोन माणसं आहेत. साखरही दोघांची मिळते. रेशनच्या दुकानात भिकनराव कार्ड पुढे करतात तेव्हा दुकानदार मोठ्याने वाचतो, भिकन आहेर, मालनबाई आहेर, आणि भिकनराव म्हणतात, हो.

धोंडीराम आला की विचारतो, दाजी, त्या प्रतिज्ञापत्राचं काय केलंत? स्टॅम्पपेपर आणलेला आहे, कपाटात ठेवलेला आहे. मालन आणि मालनबाई एकच होत्या, असं त्यावर लिहून सही करायची राहिली आहे.